आईच्या ट्रंकेतल्या साड्या-ब्लाउज रोजच्या वापरात कसे आणावेत, गॅदरिंगला निघाल्यासारखं न दिसता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय एकतीस, सोलापुरातच बँकेत नोकरी, आईच्या १९७०-८० सालच्या साड्या आणि ब्लाउजनी भरलेली ट्रंक हाती आलीय. ते सगळं वापरायचंय, पण शाखेत शिरल्यावर कुणी "आज काय, गॅदरिंग?" असं विचारायला नको. आणि शेवटी एका ओळीत विचारलंय की साडी कापून ड्रेस शिवू का.

शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण बाकी काही चुकलं तर सुधारता येतं, कात्री लागली की संपलं.

मी कापली होती. २०१६ ची गोष्ट. आजीची डाळिंबी इरकल, नऊवारी. घरात नऊवारी नेसणारं कुणी उरलं नव्हतं. मोबाइलवर फोटो बघून अंगाबरोबरचा ड्रेस शिवायला टाकला. मास्तरांनी कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाले, "अक्का, कापड थकलंय." मला वाटलं, काम टाळतायत. हट्टाने शिवून घेतला, अस्तरही मीच नको म्हटलं (उन्हाळा होता ना!). भाचीच्या बारशाला घातला आणि गाडीवर बसताना मागे चर्र झालं. शिवण शाबूत होती, शिवणीला लागून कापडच गेलं होतं. उसवलेलं परत शिवता येतं, याला काय करणार? अख्खं बारसं ओढणी कमरेला गुंडाळून काढलं. बायकांना वाटलं, नवी फॅशन आहे.

मास्तरांचं "थकलंय" मला नंतर कळलं. साडी नेसतो तेव्हा ताण सगळ्या कापडावर पसरतो. शिवलेल्या कपड्यात तोच ताण शिवणीवर येतो, बसलं-वाकलं की मुंढ्यावर आणि मागे. पन्नास वर्षं नेसून विरलेलं सूत नेसण्यापुरतं पुरतं, शिवण्यापुरतं पुरत नाही. तेव्हा ट्रंकेतली प्रत्येक साडी दुपारच्या उन्हात खिडकीसमोर धरा आणि पदरापासून आतल्या टोकापर्यंत हळूहळू सरकवत बघा. विरलेली जागा जाळीसारखी उजळ दिसते. नऊवारीत काष्ट्याची जागा हमखास अशी निघते. रेशमी साडी असेल तर घड्यांवर बघा, रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की तिथेच चिरतं. दोन अंगठ्यांनी अगदी हलकं ताणून पाहा, आवाज आला तर ती साडी नेसायलाही जपूनच काढा.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते साडी जुनी दिसतच नाही, जुना दिसतो तो ब्लाउज. इरकल, नारायणपेठ, साधी सुती चौकड्याची साडी, यांना साल चिकटत नाही. आजीने नेसली तशी आज कुणी नेसली तरी कालबाह्य वाटत नाही. साल कळतं बाहीवरून आणि गळ्यावरून. कोपरापर्यंत बाही, बंद गळा आणि मागे हुक दिसले की आपण म्हणतो साठ-सत्तरचं दशक. फुग्याची बाही दिसली की ऐंशीचं. म्हणून मी दोन्ही जुनं एकत्र घालत नाही. आईची साडी असेल तर ब्लाउज आजचा, एकरंगी, सुती, मापाचा. आईच्या धाटणीचा ब्लाउज असेल तर साडी साधी, हल्लीची. दोन्ही जुनं, वर अंबाडा, वर गजरा, वर कपाळावर साधना कट असं सगळं एकदम केलंत तर शाखेतल्या लोकांचा काही दोष नाही, ते गॅदरिंगच आहे.

ट्रंकेतले ब्लाउज फेकू नका मात्र. सगळ्यात जास्त माल तिथेच आहे. माझ्या आईच्या १९७६ च्या लग्नातला एक मोरपंखी ब्लाउज मी स्वतः उसवला. त्या काळचे मास्तर कापड आत दाबून ठेवत, पोरगी अंगाने भरणार हे गृहीत धरून. दोन्ही बाजूंना बोटभराहून जास्त मार्जिन निघालं. पण उसवल्यावर दिसलं की आतलं मार्जिन गडद मोरपंखी आणि बाहेरचं कापड उन्हाने, धुण्याने फिकं पडलेलं, आणि दोन्हीच्या मधोमध जुन्या शिवणीची छिद्रांची रेघ. सैल केला की ती रेघ बरोबर कुशीवर येते. मास्तरांनी तिच्यावर बारीक गोट मारला, दोन्ही बाजूंना सारखा, आणि तो मुद्दाम घातल्यासारखा दिसतो. बगलेत मात्र घामाने रेशीम कुजलेलं होतं, तिथला तुकडा काढून सुती लावला. हात वर केल्याशिवाय दिसत नाही.

अजून एक, मास्तरांना आवर्जून सांगा: जुन्या ब्लाउजचे टक्स टोकदार असतात. तशा अंतर्वस्त्रांची फॅशन होती तेव्हा. नुसती कूस सैल केली आणि टक्स तसेच ठेवले तर समोरून विचित्र दिसतं आणि आपल्याला कळत नाही नक्की काय खटकतंय. टक्स उसवून प्रिन्सेस कट होतो का ते विचारा. कापड पुरत नसेल तर ब्लाउजचा नाद सोडा, त्याच्या बाह्या आणि काठ काढून नव्या साध्या ब्लाउजला लावा. बाहीचा काठ नवा ब्लाउज उचलून धरतो.

इरकल असेल तर दोन गोष्टी. पहिली, तिचा पदर अंगाच्या ताण्याचा (मागावरच्या उभ्या धाग्यांचा) नसतो. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी, आणि मागावर दोन्ही ताण्यांचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात. विणकर त्याला टोपे तेनी म्हणतात. तांबडा पदर आणि त्यातले पांढरे पट्टे, तो टोप पदर तुम्ही ओळखालच. त्या जोडावरून कापून कुर्ता बेतू नका. वरचं रेशीम एक वागतं, खालचं सूत दुसरं, आणि दोन धुण्यांत कुर्ता तिरका होतो. दुसरी, नऊवारी असेल तर ती अख्खी मारायची गरज नाही. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. सहावारीला साडेपाच मीटर लागतात. पदराकडचे साडेपाच मीटर साडी म्हणून ठेवा, उरतात पावणेतीन मीटर. खिडकीच्या परीक्षेत विरलेला भाग या पावणेतीनात आला तर नशीब, तो टाकून उरलेल्यात अस्तर लावून सैल कुर्ता किंवा बिनबाह्यांचं जॅकेट होतं. सैल हा शब्द मास्तरांना दोनदा सांगा.

खणाचं वेगळंच आहे. गुळेदगुड्डचा जुना खण घरात त्रिकोणी घडीत ठेवलेला मिळाला तर तुमच्यासारखी भाग्यवान तुम्हीच. त्याचा पन्हा मुळात चोळीपुरता, अरुंद. त्यामुळे त्याचा कुर्ता बेतायला गेलात की जागोजागी जोड येतात. ब्लाउज शिवा, किंवा पांढऱ्या सुती कुर्त्याला त्याचं योक लावा. बाजारात हल्ली खणाच्या साड्या, पिशव्या, अगदी मोबाइलची पाकिटंही मिळतात, त्यातलं बरंच कापड पॉलिस्टर असतं. वाईट असतं असं नाही, पण चाटी गल्लीत "रेशमी आहे हो ताई" म्हणाले तर काठाचा एक धागा ओढून घ्या आणि घरी येऊन काडी लावा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. कागदासारखा भुरकन जळला तर सूत.

तुमच्या ट्रंकेत नायलॉनच्या आणि गार्डन कंपनीच्या प्रिंटेड साड्या असणारच, त्या काळात प्रत्येकीकडे होत्या. त्यांचा रंग आजही काल आणल्यासारखा असतो, इस्त्री लागत नाही, आणि ऑफिसला त्या फार छान दिसतात. फक्त महिना बघून नेसा. सोलापुरात मार्च ते जून नायलॉन नेसून स्कूटरवरून सात रस्ता ओलांडणं म्हणजे स्वतःला उकडून घेणं आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हा त्यांचा हंगाम. एखादीला भोक पडलं असेल तर तिचे स्कार्फ करा, मी चार केले. गॉगल आणि डोक्याला स्कार्फ ही साठच्या दशकातली फॅशन आपल्याकडे उन्हापायी कधी गेलीच नाही म्हणा.

ठिपके, बेलबॉटम याबद्दल फार लिहीत नाही. १९७३ ला 'बॉबी' आला आणि ठिपक्यांच्या कापडाला आपल्याकडे बॉबी प्रिंटच म्हणू लागले. ते कापड आजही कुठेही मिळतं, जुनं शोधायला नको. बेलबॉटमची उंच कंबर चांगली, पायाशी घेर मात्र कमी ठेवा, गाडीच्या किकमध्ये अडकतो. दागिन्यांत एकच जुना काढा. ठुशी घातली तर कानात साधे टॉप्स, बुगडी घातली तर गळा मोकळा. आणि सोलापुरी चादरीचं जॅकेट शिवायचा विचार असेल (सध्या सगळ्यांचाच आहे), तर मीही शिवलंय. मुंढ्यात कापड इतकं जाड होतं की हात शरीरापासून लांब राहतात. नवऱ्याने विचारलं, "उठलीस का अंथरुणातून?" बिनबाह्यांचं शिवलं असतं तर बरं झालं असतं.

जरीची एक सूचना. काठ काळा पडलाय म्हणून साडी देऊन टाकू नका. जुनी खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. चांदी काळवंडते, एवढंच. तार हलकी खरवडली आणि आत तांबडा रेशमी धागा दिसला तर ती बहुधा खरी. "जुनी जर घेतो" म्हणत दारावर येणारे उगीच येत नाहीत. आमच्या आईने तीन साड्या देऊन बोहारणीकडून एक स्टीलचा डबा घेतला होता. तो डबा अजून आहे, त्यात मी रवा ठेवते, आणि झाकण उघडताना दर वेळी त्या तीन साड्या आठवतात. ठेवताना डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. धुवट सुती पंचात किंवा मलमलीत गुंडाळा आणि वर्षातून दोनदा घडी मोडून दुसरीकडे घाला.

नेसताना साडी खालून जड झाल्यासारखी वाटली तर फॉल बघा. जुने फॉल आटतात आणि निऱ्या खालून ओढल्या जातात. नवा लावायच्या आधी तो पाण्यातून काढा. कामं सांगण्यासाठी मोठी दुकानं शोधू नका. पूर्व भागात घरी मशीन टाकून बसलेल्या बायका आहेत, घरात माग असल्यामुळे बऱ्याचजणींना कापड हाताला लागताच कळतं. पहिल्यांदा एकच ब्लाउज द्या, तोही न आवडणारा.

आणि कापायच्या आधी आईला विचारा. मी आजीच्या साडीच्या वेळी विचारलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला विचारलं तर आईने कपाटाच्या वरून आणखी एक गाठोडं काढलं, ज्याचा मला पत्ताच नव्हता. एकेक साडी उलगडत "ही काप, हीसुद्धा काप, ही माझ्या नणंदेने दिलेली, ही तर कापच" असं चाललं होतं. लग्नातला हिरवा शालू आला तशी गप्प झाली आणि तो उशाखाली सरकवला. गेल्या संक्रांतीत तो तिने स्वतःहून मला दिला, गड्ड्याच्या जत्रेला नेसून जा म्हणाली. नेसले. ब्लाउज तेवढा नवा होता.