'सरासरी माणूस' की 'सामान्य माणूस'?

प्रश्न असा : बेल्जियमच्या अदोल्फ केतलेने १८३५ च्या ग्रंथात मांडलेल्या फ्रेंच 'लोम म्वायँ'ला (सगळ्यांच्या मापांची सरासरी काढून कल्पिलेल्या माणसाला) मराठीत 'सामान्य माणूस' म्हणावं की 'सरासरी माणूस'?

सरासरी. 'सामान्य' मुळीच नको. दरडोई उत्पन्नाचा आकडा जाहीर झाला की 'सामान्य माणूस इतकं कमावतो' असं ठोकून देतात, ते याच गल्लतीमुळे. पाच घरांचं मासिक उत्पन्न १०, १२, १४, १६ आणि ९८ हजार धरा. सरासरी येते ३० हजार, आणि एकही घर तिच्या आसपास नाही!

'सरासरी' शब्द फारसी. 'सर' म्हणजे डोकं, टोक. संस्कृत 'शिरस्'चा चुलतभाऊच. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळंच्या सगळं. 'सरासर खोटं'मधला तोच. एकही आकडा न गाळता सगळे हिशेबात धरा, ही कृतीच शब्दात बसली आहे. हिंदीतलं 'औसत' अरबीतल्या 'मधला'वरून आलं, फ्रेंच 'म्वायँ' लॅटिनमधल्या 'मधला'वरून. दोन्हींच्या पोटात मध्य, मराठीच्या नाही. असा नेमका शब्द हाताशी असताना पाठ्यपुस्तकांनी 'मध्य' (म्हणजे सरासरी) आणि 'मध्यक' (म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) अशी एका 'क'च्या फरकाची जोडी का चालवावी? मुलं गोंधळणारच.

केतले मूळचा खगोलशास्त्रज्ञ. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं त्याने मांडली : गर्दी ४० इंचांच्या आसपास, दोन्हीकडे सारखी उतरण. ग्रहताऱ्यांच्या वेधांतल्या चुका अशाच पसरतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून सरासरी हाच निसर्गाचा नमुना, बाकी सगळी चूकभूल, असं तो मानू लागला. (वजन भागिले उंचीचा वर्ग, म्हणजे आजचा 'बीएमआय', हे प्रमाणही त्याचंच. समूहाच्या अभ्यासातून निघालेलं ते आज एकेकट्याच्या रिपोर्टवर छापतात.) फ्रेंच गणितज्ञ कूर्नोने या 'नमुन्या'ला बिनतोड हरकत घेतली : काटकोन त्रिकोणांच्या बाजूंची सरासरी काढा, काटकोन उरतोच असं नाही. ३-४-५ आणि ५-१२-१३ घ्या. सरासरी ४-८-९. वर्गांची बेरीज ८०, हवी ८१. तसंच सगळ्या सरासऱ्या जोडून केलेला माणूस खरा असू शकेलच असं नाही.

छातीच्या मापांत सरासरी आणि मधला आकडा जवळजवळ एकच येतात, कारण उतरण दोन्हीकडे सारखी. उत्पन्नाची शेपटी एकाच बाजूला लांब, म्हणून तिथे फसगत. नेहमीच्या घराबद्दल लिहायचं तर आकडे चढत्या क्रमाने मांडा, मधला उचला आणि सरळ लिहा : निदान निम्म्या घरांचं उत्पन्न १४ हजारांपलीकडे जात नाही.