टोकियोतली नव्याची पुनव

तुम्ही विचारलंय की परदेशात राहून शरद ऋतूची मजा कशी घेता आणि त्या दिवसांत तिकडे खास काय खायला मिळतं. मी टोकियोत राहते आणि माहेर चिपळूणजवळचं, त्यामुळे माझं उत्तर तांदळापासूनच सुरू होणार.

सप्टेंबरमध्ये इथल्या सुपरमार्केटात तांदळाच्या पिशव्यांवर 'शिनमाई' असं स्टिकर दिसायला लागतं, म्हणजे नवा तांदूळ. ते कुणीही कधीही लावू शकत नाही, पीक निघालं त्याच वर्षी 31 डिसेंबरच्या आत पॉलिश करून पॅक केलेला असेल तरच चालतं. आपल्याकडे कसं, खायला जुना तांदूळ चांगला, नवा शिजवला की गिचका होतो म्हणून आई तो पेजेला नाहीतर खिरीला काढायची, आणि इथे बरोब्बर उलटं, लोक वर्षभर नव्याचीच वाट बघतात कारण त्यांना चिकट, ओलसर, चमकणारा भातच हवा असतो. पहिल्या वर्षी मी नेहमीएवढं पाणी घातलं तर पार लगदा झाला, मग शेजारच्या आजींनी सांगितलं की नव्याला पाणी थोडं कमी घालायचं. आता तो भात, वर घरून आलेलं मेतकूट आणि तूप, एवढंच जेवण असतं आमचं पहिल्या दिवशी आणि खरं सांगते, दुसरं काही लागतच नाही. 2025 मध्ये 5 किलोची पिशवी 4000 येनच्या वर गेली होती तरी मी हे सोडलं नाही.

नवरात्रात रताळी. साबुदाणा शोधत इंडियन दुकानापर्यंत जायची गरजच नाही, कारण सुपरमार्केटच्या दारातच गरम दगडांवर भाजलेली रताळी ठेवलेली असतात, 'याकिइमो' म्हणतात. हळूहळू भाजल्यामुळे आतल्या स्टार्चची साखर होते आणि गर अक्षरशः मधासारखा गळतो, गूळबीळ काही घालावा लागत नाही. उपास असो नसो, थंडी पडायला लागली की घरी येताना एक घेऊन कोटाच्या खिशात ठेवायचं, हातही गरम राहतात.

आणि अळकुड्या! त्यांना इथे 'सातोइमो' म्हणतात, आपल्या अळवाचाच कंद. यामागाताकडे लोक शरदात नदीकाठी चुली मांडून, मोठ्या पातेल्यात बीफ घालून त्यांचा रस्सा करतात. आम्ही बीफ खात नाही म्हणून मी घरी चार आमसुलं आणि ओलं खोबरं घालून करते. सोलताना हाताला खाज इथेही तशीच सुटते, तेव्हा हात कोरडे ठेवा.

मासे खात असाल तर सान्मा चुकवू नका. नाव लिहितात ते शरद, तलवार आणि मासा अशा तीन अक्षरांनी, आणि दिसतोही तसाच, लांब आणि चंदेरी. इथले लोक पोट न काढता मीठ लावून भाजतात आणि सोबत किसलेला मुळा घेतात, मी मात्र साफ करून हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावते. चेस्टनट घातलेला भात एकदा तरी खा, पण सोलायला फार वेळ लागतो म्हणून मी तो बाहेरच खाते. काकी नावाचं केशरी फळ घेताना कुठली जात आहे ते विचारून घ्या, तुरट जातीचं कच्चं खाल्लंत तर अख्खं तोंड आखडतं. तीच तुरट फळं सोलून दोरीला टांगून वाळवली की खजुरासारखी गोड होतात.

आता चंद्राचं. इथे 'त्सुकिमी' असते, चंद्रासमोर तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे आणि गवताचे तुरे ठेवतात. चंद्रावर ससा आहे असं हेही लोक मानतात, फक्त यांचा ससा तिथे उखळात शिजवलेला चिकट भात कुटत असतो. बहुतेक वर्षी ही त्सुकिमी आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या आसपास येते, म्हणजे कोजागिरीच्या महिनाभर आधी, पण 2025 मध्ये त्यांच्या जुन्या पंचांगात अधिक महिना येऊन गेला होता म्हणून दोन्ही एकाच दिवशी आल्या, 6 ऑक्टोबरला. मी केशराचं दूध आटवून गॅलरीत ठेवलं आणि शेजारी ते पांढरे गोळे. आमच्या गावाला त्याच दिवशी नव्याची पुनव असते, दाराला आंब्याच्या पानात भाताच्या लोंब्या बांधतात. हे मी आजींना आधी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, त्यांच्या भावाची निइगाताला शेती आहे, तर त्या संध्याकाळी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून मूठभर लोंब्या घेऊन आल्या. आंब्याचं पान कुठून आणणार, नुसत्याच लाल दोऱ्याने बांधल्या, त्यातले पाच दाणे सोलून खिरीत टाकले आणि एक वाटी आजींकडे पाठवली. बाकीच्या लोंब्या अजून दारावर आहेत.