विद्यापीठांची खुली व्याख्याने : कुठून सुरुवात करावी?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा : शिक्षण वाणिज्य शाखेचे, दिवसभर नोकरी, हौसेने परदेशी विद्यापीठांची राजकीय विचार, घटनात्मक कायदा आणि नीतिशास्त्र या विषयांवरची मोफत व्याख्याने ऐकायला घेतली आणि चौथ्या व्याख्यानापाशी गाडी अडली. कोणती व्याख्याने कोणत्या क्रमाने ऐकावीत आणि इंग्रजीचे काय करावे, हे तुम्ही विचारले आहे. गेली दहा-बारा वर्षे मी हा उद्योग करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची गाडी एकटीच अडलेली नाही हे लक्षात येईल. येल विद्यापीठाच्या खुल्या अभ्यासक्रमांतील स्टीव्हन स्मिथ यांची राजकीय तत्त्वज्ञानाची चोवीस व्याख्याने मी सुरुवातीला पंधरा दिवसांत संपवली होती. तीही दीडपट वेगाने, भाजी निवडता-निवडता. महिनाभराने पुतण्याने त्यातल्या एका तत्त्वज्ञाबद्दल विचारले, ‘काका, हॉब्जचे म्हणणे नक्की काय?’ तेव्हा माझ्या तोंडून दोन वाक्ये निघाली आणि दोन्ही पाठ्यपुस्तकातली होती. व्याख्यान कानावरून गेले होते. त्यातील प्रश्न माझा झाला नव्हता. माझ्या मते यातच सगळे आले. ही व्याख्याने माहितीसाठी ऐकायची नसतात, कारण माहिती कोणत्याही बऱ्या पुस्तकात मिळते. एक जाणता माणूस एखादा प्रश्न कसा मांडतो आणि आपल्याच उत्तरावर आक्षेप कसा घेतो, हे पाहण्यासाठी ती ऐकायची असतात.

म्हणून सुरुवात स्मिथ यांच्यापासून करू नका. हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांची ‘जस्टिस’ ही मालिका घ्या. ती २००९ मध्ये बारा भागांत सर्वांसाठी खुली झाली. सँडर्स थिएटरमध्ये शेकडो विद्यार्थी बसलेले असतात आणि सँडेल त्यांच्याकडूनच युक्तिवाद काढून घेतात. रुळांवरच्या ट्रॉलीचे उदाहरण (पाच जणांना वाचवण्यासाठी एकाचा जीव जाऊ द्यावा का?) बहुतेकांना माहीत असते, त्यावर फार रेंगाळू नका. त्यानंतर येणारा इंग्लंडचा १८८४ सालचा खटला मात्र दोनदा ऐका. मिन्योनेट नावाची बोट अटलांटिकमध्ये बुडाली. चार जण छोट्या होडीत उरले आणि खायला सलगमचे दोन डबे. डडली हा कप्तान, स्टीफन्स आणि ब्रुक्स हे दोघे खलाशी आणि चौथा रिचर्ड पार्कर हा सतरा वर्षांचा पोरगा. मध्ये एक कासव सापडले, ते संपले. पार्कर समुद्राचे पाणी पिऊन आजारी पडला होता, त्याला मागे घरदार नव्हते. अखेर कप्तानाने त्याला मारले आणि उरलेल्या तिघांनी त्याच्या मांसावर दिवस काढले. सुटका झाल्यावर डडली आणि स्टीफन्सवर खटला चालला. निरुपाय हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले, फाशी सुनावली आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

सँडेल विचारतात : पार्करची संमती घेतली असती तर? चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर? आमच्या पाच जणांच्या मंडळात हा भाग लावला, तेव्हा मला वाटले होते की सगळे ‘छे, भलतेच’ म्हणून मोकळे होतील. पण आमच्यातल्या एक परिचारिका बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, ‘कोरोनात, एकवीस साली, आमच्याकडे खाट एक आणि माणसे चार, असे रोज होत होते. चिठ्ठी टाकली असती तर मला बरे वाटले असते. निदान कोणाची ओळख तरी लागली नसती.’ न्याय्य पद्धत म्हणजे काय आणि ती पाळली की कृत्य न्याय्य ठरते का, हा सँडेल यांचाच प्रश्न त्यांनी तेवढ्या बोलण्यात आमच्यासमोर आणून ठेवला. त्या संध्याकाळी आम्ही पुढचा भाग लावलाच नाही. तुम्हाला एक जरी सोबती मिळाला तरी एकत्र ऐका. बेंथॅम आणि कांट या तत्त्वज्ञांची नावे नंतर आपोआप बसतात.

यानंतर येलचेच इयन शपीरो घ्या. ‘सरकार आपल्या निष्ठेला कधी पात्र असते आणि कधी ती नाकारावी’ या एकाच प्रश्नाभोवती त्यांनी उपयुक्ततावाद, मार्क्सवाद, सामाजिक करार आणि लोकशाही यांची मांडणी केली आहे. सुरुवात ते ज्यूंच्या संहारात सहभागी असलेल्या आइखमन या नाझी अधिकाऱ्यापासून करतात. कायद्याने सांगितले ते मी केले, असे म्हणणारा हा अधिकारी आपल्याला नेमका का खटकतो, हे शोधत अभ्यासक्रम पुढे सरकतो. स्मिथ यांचा क्रमांक तिसरा. त्यांच्याकडे प्लेटोपासून तॉकव्हीलपर्यंत मूळ ग्रंथ घेऊन बसावे लागते आणि तसे बसल्याशिवाय त्यांच्या व्याख्यानांत अर्थ नाही. सॉक्रेटिसचा न्यायालयातला बचाव आणि तुरुंगात असताना मित्र क्रिटोशी झालेला त्याचा संवाद हे प्लेटोचे दोन छोटे लेख आधी वाचा, मग व्याख्यान लावा. संवाद वाचून झाल्यावर ‘पळून जाण्याची सोय असताना हा म्हातारा का थांबला?’ हे स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. तुमचे उत्तर आणि स्मिथ यांचे उत्तर जिथे वेगळे होईल, तिथे तुमचा अभ्यास सुरू झाला असे समजा.

इंग्रजीची अडचण खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. येलच्या या व्याख्यानांच्या पूर्ण लिखित प्रती त्यांच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आदल्या रात्री प्रत वाचावी, दुसऱ्या दिवशी ऐकावे. शपीरो मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, त्यांच्या उच्चारांना कान बसायला दोन व्याख्याने लागतात. वेग वाढवण्याचा मोह मात्र टाळा.

घटनात्मक कायद्याबाबत एक सावधगिरी सांगतो. येलचे अखिल अमर अमेरिकेच्या घटनेवर फार सुरेख बोलतात, पण त्यावरून आपल्या घटनेकडे येऊ नका. तिथे मूळची सात कलमे आणि सत्तावीस दुरुस्त्या. आपली घटना सुरुवातीलाच ३९५ अनुच्छेदांची आणि दुरुस्त्यांचे शतक केव्हाच उलटले. शिवाय दुरुस्तीला मर्यादा असते का, हा आपल्या घटनेपुढचा सर्वांत मोठा प्रश्न, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा अमेरिकेकडे नव्हे, तर जर्मनीकडे जातो. तोही एका विद्यापीठीय व्याख्यानातून.

फेब्रुवारी १९६५ मध्ये हायडेलबर्गचे डीट्रिश कॉनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात एक व्याख्यान दिले. विषय होता घटनादुरुस्तीच्या अधिकाराला असलेल्या अध्याहृत, म्हणजे न लिहिलेल्या पण गृहीत असलेल्या, मर्यादा. त्यांनी श्रोत्यांपुढे काही प्रश्न टाकले. दोनतृतीयांश बहुमत मिळवून जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारा अनुच्छेद २१ काढून टाकता येईल का? दुरुस्तीचा सगळा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींकडे सोपवता येईल का? घटनाच रद्द करून मोगल बादशहाचे किंवा इंग्लंडच्या राजाचे राज्य परत आणता येईल का? तेव्हा हे प्रश्न काहींना काल्पनिक वाटले असतील. पण कॉनराड यांच्या मागे जर्मनीचा, हिटलरच्या राजवटीत लोकशाही घटना पोकळ झाल्याचा अनुभव होता, म्हणूनच तिथल्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे घटनेत, काही तत्त्वे दुरुस्तीच्या पलीकडे ठेवलेली आहेत. हे विवेचन ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्यामार्फत १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मूलभूत हक्क दुरुस्तीने कमी करता येतात का, हा त्यातला प्रश्न होता. मग केशवानंद भारती खटला : तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवस सुनावणी, २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल, की संसदेला घटनेत दुरुस्ती करता येते, पण तिची मूलभूत चौकट बदलता येत नाही. ज्यांच्या मतावर पारडे झुकले त्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा आधार घेतला आहे. युक्तिवादाचा गाभा असा, की दुरुस्ती करणारी संस्था घटनेच्याच पोटी जन्मलेली असते. तिचा अधिकार शब्दांत कितीही अमर्याद दिसला तरी जे खांब तिला उभे ठेवतात तेच तिला पाडता येत नाहीत. (विरोधी मत देणाऱ्या सहांमध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, आणि अल्पमताची निकालपत्रेही तितक्याच गंभीरपणे वाचावीत असे माझे मत आहे.)

तुम्ही विचारलेले तिन्ही विषय मराठी माणसाला एका बैठकीत हवे असतील, तर बाबासाहेबांचे पुण्यातले भाषण घ्या. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीत वकिलांपुढे त्यांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठीच्या पूर्वअटी मांडल्या. लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात रक्तपाताविना क्रांतिकारक बदल घडवून आणणारी शासनपद्धती, अशी लोकशाहीची व्याख्या करून ते विषमता, विरोधी पक्ष, कायद्यापुढील आणि प्रशासनातील समानता, घटनात्मक नीती (घटनेच्या नुसत्या शब्दांचे नव्हे, तर तिच्यामागच्या भावनेचेही पालन), अल्पसंख्याकांवर बहुमताची जुलूमशाही नसणे, अशा क्रमाने समाजाच्या नैतिक व्यवस्थेपर्यंत आणि सार्वजनिक सदसद्विवेकापर्यंत येतात. ध्वनिमुद्रणाची वाट पाहू नका. शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत ते आहे. मोठ्याने वाचले तर तासाभरात होते. आमच्या मंडळात आम्ही ते आळीपाळीने वाचले आणि घटनात्मक नीतीच्या परिच्छेदाशी आल्यावर लगेच ४ नोव्हेंबर १९४८ चे घटना समितीतले भाषण काढले, कारण ही कल्पना त्यांनी तिथे ग्रोट या इतिहासकाराच्या आधाराने आधीच मांडली होती.

२७ सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांपुढच्या सुनावण्याही थेट दाखवल्या जातात; त्या अवश्य पाहा, पण केशवानंदचा किमान सारांश वाचून झाल्यावरच, नाहीतर नुसती कलमांची संख्या ऐकू येते.

तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्याने आठवड्याला एकच व्याख्यान घ्यावे. प्रमाणपत्रासाठी पैसे भरू नका, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. या रविवारी सँडेल यांचा पहिला भाग लावा, डडलीच्या खटल्यापाशी थांबवा आणि तुमचा निकाल कारणांसह अर्ध्या पानात लिहून इथेच टाका. मी त्यावर आक्षेप घेईन, मग तुम्ही उत्तर द्या.