फाळका उघडा ठेवू की बंद?

(या सदरात उत्तरं देणारे काका एसटीच्या दापोडी कार्यशाळेत 31 वर्षं बॉडी खात्यात होते.)

प्रश्न : काका, माझी पिकअप आहे. हंगामात टोमॅटो भरून नारायणगावहून माळशेजमार्गे वाशी मार्केटला जातो. जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर पडतं आणि अ‍ॅव्हरेज 11 च्या वर सरकत नाही. भाचा डिप्लोमाला आहे. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ दाखवले. तिथं लोक घरच्या घरी पिकअपच्या हौद्यावर मागं उतरत जाणारं छप्पर बसवतात. तो म्हणतो आपण पत्र्याचं करू, 14 हजारांत होईल. आणि गाडी रिकामी असेल तेव्हा हौद्याचा मागचा फाळका उघडा टाकायचा, म्हणजे वारा अडणार नाही. हे खरं का? येताना मी शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांचे रिकामे कॅरेटही आणतो, ते केबिनच्या वर दोन-तीन थर जातात. छपराला त्याची अडचण होईल का? – एक वाचक, नारायणगाव

उत्तर : भाऊ, तुमच्या रोगाचं नाव तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय, पण तिकडं नंतर येतो. आधी फाळका, कारण ही गोष्ट प्रत्येक टपरीवर ऐकू येते.

मीही ती खरी मानत होतो. 2016 साली माझ्या भावाच्या पिकअपवर एक उद्योग करून पाहिला. घरात स्वेटरची उरलेली लाल लोकर होती. तिचे बोटभर तुकडे केबिनच्या टपावर, हौद्याच्या तळाला आणि फाळक्याला चिकटपट्टीनं लावले. पहाटे चाकण-तळेगाव रस्त्यावर भावानं गाडी 60 ला धरली. मागच्या मोटरसायकलवर माझा मुलगा मोबाइल धरून पाठीमागं बसला होता. टपावरचे धागे मागं आडवे झोपले, ते अपेक्षितच होतं. पण हौद्याच्या तळाचे धागे पुढं, केबिनकडं तोंड करून होते! म्हणजे वारा हौद्यात शिरून फाळक्यावर आपटतच नव्हता. केबिनच्या मागं हवेचा एक भोवरा हौद्यात कोंडून गोल फिरत होता आणि वरचा वारा त्याच्या पाठीवरून घसरून फाळक्याच्या पलीकडं जात होता. फाळका पाडल्यावर भोवरा मोडला आणि धागे पिसाळल्यासारखे फडफडायला लागले. तेव्हा फाळका बंदच ठेवा. उघड्या फाळक्यानं डिझेल तर वाचत नाहीच, वर नंबरप्लेट झाकली गेली की पोलीस थांबवणार ते वेगळंच.

आता छप्पर. भाच्याची कल्पना चुकीची नाही, हे आधी सांगतो, नाहीतर पोरगं हिरमुसायचं. 1973 च्या सुमारास कॅलिफोर्नियात नासाच्या एडवर्ड्स इथल्या केंद्रात एक इंजिनिअर सायकलनं कामावर जायचा. शेजारून ट्रक गेला की वारा त्याला आधी ढकलायचा, मग ओढून घ्यायचा. त्यावरून तिथल्या लोकांनी एका जुन्या व्हॅनला चारी बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मारून खोक्यासारखी केली आणि मग एकेक कड गोल करत मोजत गेले. पुढच्या कडा गोल केल्यावरच हवेचा अडथळा साधारण निम्म्यावर आला. पुढं मागच्या बाजूला होडीसारखं निमुळतं शेपूट लावून पाहिलं, त्यानं आणखी कमी झाला. अमेरिकेतलं ते उतरतं छप्पर त्याच कुळातलं. पण ते त्यांच्या पिकअपला परवडतं, कारण त्यांचा हौदा बराच वेळ रिकामा आणि वेग शंभराच्या पुढं.

तुमचं गणित वेगळं आहे. हवेचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. 60 वरून 80 ला गेलात की दर किलोमीटरला हवेवर खर्च होणारं काम पावणेदोन पटीच्या वर जातं. उलट 40 ला, भरलेल्या गाडीत, हवेपेक्षा टायरच जास्त खातात. माळशेजच्या घाटात आणि कल्याणच्या गर्दीत तुम्ही 40 च्या वर असता का? तिथं छप्पर सोन्याचं लावलंत तरी डिझेलला पत्ता लागणार नाही. फायदा मिळणार तो आळेफाटा ते घाटमाथा आणि मुरबाडच्या अलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात. शिवाय पक्कं रिव्हेट मारलेलं छप्पर म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, विम्यालाही ते दिसतं. आणि कॅरेट चढवताना दर खेपेला ते उतरवणार कोण? भाचा?

एक कबुली. मी स्वतः टपावर 6 मिलिमीटर प्लायचं तिरकं पान लावलं होतं, वारा वर फेकायला. दोन महिने मिरवलं. मग सिन्नरच्या अलीकडं नटबोल्ट ढिले झाले आणि ते पान उडून उसात जाऊन पडलं. मागं कुणी दुचाकीवाला नव्हता हे नशीब. मी वायसरऐवजी पत्र्याचा तुकडा लावला होता, चूक माझीच. त्या पानाचा दुसरा दोष मला नंतर कळला. हौद्यात केबिनपेक्षा उंच माल असेल तरच त्याचा उपयोग. रिकाम्या गाडीवर ते नुसता वारा अडवतं, म्हणजे अ‍ॅव्हरेज उलट घटतं.

आता तुमचे कॅरेट. जाताना गाडी भरलेली, पण थर केबिनच्या बरोबरीनं आणि वर ताडपत्री. येताना वजन काहीच नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त. पण केबिनच्या वर दोन-तीन थर म्हणजे अडीच फुटांची भिंत तुम्ही वाऱ्यासमोर उभी करता, आणि ती जाळीची. भोकाभोकांतून वारा आत शिरतो, आपटतो, गोंधळ घालतो. सपाट भिंत परवडली. वर गाडी हलकी म्हणून मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला जातो, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी ओळखतो.

म्हणून असं करा. शेजाऱ्यांना सांगा, दोन खेपांत कॅरेट येतील. थर केबिनच्या टपाच्या वर जाऊ देऊ नका. रिकाम्या कॅरेटवरही ताडपत्री घाला, पुढची कड केबिनच्या मागं खाली खोचा म्हणजे वारा तिच्या आत शिरत नाही, आणि दोरी इतकी ताणा की वाजवली तर टणटणली पाहिजे. ढगळ ताडपत्री नसलेलीच बरी, ती फुगते आणि छत्रीसारखी गाडीला मागं खेचते. टायरची हवा आठवड्याला, गाडी थंड असताना. मोकळ्यावर 60 ते 65. भावाच्या गाडीला एवढ्यावर येतानाच्या खेपेत लिटरमागं पाऊण किलोमीटर वाढलं. छपराचे 14 हजार शिल्लक.

मोजताना मात्र नीट मोजा. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथं थांबायचं, टाकी फुल ते टाकी फुल, निदान पाच खेपा ताडपत्रीशिवाय आणि पाच ताडपत्रीसह. पश्चिमेचा वारा तोंडावर असतो त्या महिन्यात एका खेपेवरून निकाल लावू नका. हे काम भाच्याला द्या, वहीत लिहील.

आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करत असाल तर आजपासून बंद. आताच्या डिझेल गाड्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल तोडतात, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं पितात. दीड टन टोमॅटो पाठीशी असताना नुसत्या ब्रेकवर माळशेज उतरणं, भाऊ, मला लिहितानाही बरं वाटत नाही.

प्रश्न : गाडीचा खालचा भाग सनपॅक शीटनं बंद केला तर हवा सरळ जाईल असं वाचलं. निवडणुकीचे जुने फलक फुकट मिळतात. – एक वाचक, लातूर

उत्तर : कल्पना खरी आहे, फुकटचा माल चुकीचा आहे. सायलेन्सरशेजारी प्लॅस्टिक आलं तर आधी वास येईल, मग धूर. त्यातून शेतरस्त्याचा चिखल वर साचून चार खेपांत शीट लोंबायला लागेल आणि तेलगळती झाली तर दिसणारही नाही. पुढच्या बंपरखाली, इंजिनच्या पुढं, रबराची हातभर पट्टी लावा, रस्त्यापासून वीतभर वर. ट्यूबवाल्याकडं जुना पट्टा मिळेल. रेडिएटरची जाळी मात्र झाकू नका, मराठवाड्याच्या उन्हात तर नकोच.

प्रश्न : दोन्ही आरसे काढले तर किती वाढेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : दवाखान्याचं बिल.