पहिली ओळ मजुरीची

सप्रेम आशीर्वाद.

परवा सात रस्ता चौकात उभ्याउभ्याच तू आपल्या रविवारच्या खेळाची, म्हणजे खेळाडूंना एकेका पात्राची भूमिका देऊन तू रचलेली कथा खेळवतेस त्या धंद्याची, वही उघडलीस आणि म्हणालीस, "दर रविवारी सातशे रुपये उरतात, तरी आपण फुकट राबतोय असे का वाटते?" घरी येऊन मी तुझे आकडे पुन्हा मांडले. पाच खेळाडू, प्रत्येकी २५० रुपये, म्हणजे जमा १,२५०. खोलीचे भाडे ३००, चहा-नाश्ता माणशी ४० प्रमाणे २००, नकाशे आणि पात्रांच्या कागदांची छपाई ५०. शिल्लक ७००. गणित बरोबर आहे, पण त्यात तुझे कष्ट कुठेच नाहीत.

कथानक रचण्यात आणि नकाशे आखण्यात पाच तास, खेळ चालवण्यात चार, मांडामांड आणि आवराआवर यांत एक, असे दहा तास तू दिलेस. तासाला ७० रुपये पडले. पाचवा गडी ऐनवेळी आला नाही, तर नाश्त्याचे ४० वाचतात आणि फीचे २५० बुडतात. मग तासाला ४९ च उरतात. म्हणून तयारीच्या तासांची मजुरी खर्चाच्या पहिल्या ओळीत लिही, भाड्याच्याही आधी. सोलापुरात वाढलेल्या मुलीला हे सांगावे लागावे, याचा मला खरोखर राग आला. चादरीचा भाव काढताना सुताबरोबर विणणाऱ्याची मजुरी धरतातच. ती सोडून भाव सांगणारा कारखानदार विणकरांच्या पूर्व भागात मी तरी पाहिलेला नाही.

मी स्वतः तीन वर्षे घराच्या माडीवर शनिवारी पैसे घेऊन बोर्डगेम खेळवले. 'कटान'च्या मूळ संचात चारच जण बसतात, म्हणून दुसरा संच घेतला, मग आणखी नवे खेळ घेतले आणि या खरेदीलाच मी धंद्याची वाढ समजत राहिलो. नियम शिकण्यात गेलेल्या रात्री कुठेच लिहिल्या नाहीत. चौथ्या वर्षी थकून सगळे संच विकले. खेळ मला उत्तम चालवता येत होता, आणि तो मी हिशेब न लिहिल्यापायी गमावला, हे अजून सलते.

तुला निदान नियमांची पुस्तके विकत घेण्याची घाई नको. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळायच्या प्रसिद्ध खेळाच्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे; सांगितलेली श्रेयाची ओळ दिली की तो धंद्यासाठीही वापरता येतो. जीएसटीचीही चिंता आज करू नकोस, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. वर्षाचे ५२ रविवार धरलेस, ते मात्र खोड. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेची दुपार, दिवाळी. ३६ धर, आणि प्रत्येक वेळी चारच गडी येतील असे धर.

मग मजुरी निघणार कशी? एकच कथानक दोन वेगवेगळ्या गटांना खेळव. तयारी पाच तासांचीच राहते, दोन्ही गटांचे मिळून एकूण तास पंधरा होतात. फी ३५० केलीस, तर चार गड्यांच्या १,४०० मधून ५१० खर्च जाऊन ८९० उरतात, दोन गटांचे १,७८०. तासाला जवळजवळ ११९ रुपये.

"ओळखीच्यांकडून एवढे कसे घेऊ?" असे तू विचारणार, हे मला ठाऊक आहे. मी फी लावली तेव्हा एक जुना मित्र रागावून उठून गेला आणि पुन्हा माडी चढला नाही. त्याचे दुःख आहे, पण मी चुकलो असे आजही मानत नाही. माझी चूक एवढीच, की मी फी फार कमी लावली आणि तीही उशिरा. त्याच्यासाठी मी रात्र जागून डाव मांडत होतो, हे त्याला कळले नाही, कारण मीच ते कधी कागदावर लिहिले नव्हते. तुझ्या खेळाडूंनाही सांग, की चार तासांच्या खेळामागे पाच तासांचे काम असते. संकोच वाटत असेल, तर वहीच त्यांच्यासमोर ठेव.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. पहिली ओळ लिहून आण, मग दुसऱ्या खोलीच्या भाड्याचे बोलू.