वाचकांचे प्रश्न : सांडपाणी प्लांटमधली केमिकल्स आणि इमर्जन्सीची तयारी

प्रश्न : आमच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) हायपोची (सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण) टाकी आणि फेरिक क्लोराइडची (गाळ खाली बसवायचं केमिकल) टाकी शेजारी शेजारी आहेत, खाली बंड (सांडलेलं केमिकल अडवणारा कठडा) पण एकच. सप्लायरचा माणूस म्हणतो शेवटी दोन्ही पाण्यातच जाणार, काय होतंय. खरंच काही होतं का?

उत्तर : होतं, आणि फार वाईट होतं. हायपो अल्कली असतं म्हणून त्यातला क्लोरीन धरून राहतो, त्यात आम्ल पडलं की तो गॅस होऊन भसकन बाहेर येतो. आणि आम्ल म्हणजे फक्त ॲसिडचा कॅन नाही, फेरिक आणि तुरटीचं द्रावणसुद्धा चांगलंच आम्लधर्मी असतं, हे कित्येकांच्या डोक्यातच येत नाही. प्रोसेसमध्ये दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, थोडं थोडं, भरपूर पाण्यात जातं, पण टाकीत किंवा बंडात ती दोघं कडक स्वरूपातच एकमेकांना भेटतात. त्यामुळे बंड आधी वेगळे करून घ्या, आणि दोन्ही बंडांच्या ड्रेन लाइन पुढे जाऊन एकाच चेंबरमध्ये मिळत नाहीत ना तेही बघा, कारण वर भिंत घातली आणि खाली पाइप एकच, असंही असू शकतं.

पण खरा धोका टँकर खाली करताना असतो. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन शहरात एका कारखान्यात सल्फ्युरिक ॲसिडचा टँकर चुकून हायपोच्या लाइनला जोडला गेला. दोन्ही नोजल (टँकरचा पाइप जोडायची तोंडं) जवळजवळ, दिसायला सारखी, आणि हायपोच्या नोजलचं कुलूप उघडंच होतं. गॅसचा ढग गावावर गेला, १४० च्या वर लोकांना उपचार घ्यावे लागले. तिथे कुणी वेडेपणा केला नव्हता हो, रोजचंच काम चाललं होतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक नोजलला वेगळं कुलूप हवं, किल्ली शिफ्टच्या ऑपरेटरकडेच हवी, केमिकलचं नाव अगदी नोजलपाशी मोठ्या अक्षरात हवं, जमलं तर कपलिंगचा साइजच वेगळा ठेवा म्हणजे चुकीचा पाइप बसणारच नाही. आणि ऑपरेटरने चलान वाचून, स्वतः पाइप जोडलेला बघून, मगच व्हॉल्व्ह उघडू द्यायचा. ड्रायव्हरवर सोडून चहाला जायचं नाही, तो बिचारा रोज वेगळ्या प्लांटवर जातो, त्याला तुमची लाइन काय माहीत.

प्रश्न : क्लोरीनचा टोनर (साधारण एक टनाचा मोठा सिलिंडर) लीक झाला तर त्यावर पाणी मारायचं असं आमचे सीनियर सांगतात. बरोबर आहे का?

उत्तर : टोनरवर आणि लीकवर पाणी अजिबात मारू नका. ओला क्लोरीन आम्ल तयार करतो, ते आम्ल धातू खातं आणि छोटं भोक मोठं होत जातं. फायर ब्रिगेडवाले लांबून ढगावर पाण्याचा पडदा धरतात ते वेगळं, ते टोनरवर मारत नाहीत, कदाचित त्यावरूनच हा समज झाला असेल. लीक शोधायला अमोनियाच्या द्रावणाची बाटली जॉइंटजवळ धरून नुसती वाफ सोडतात, पांढरा धूर दिसला की तिथेच लीक, पण द्रावण जॉइंटवर ओतायचं नाही. टोनरमधून लिक्विड येत असेल तर टोनर फिरवून भोक वरच्या बाजूला आणतात, कारण एक भाग लिक्विडचा साधारण ४५० भाग गॅस होतो, वरून निदान गॅसच सुटतो आणि एकूण कमी जातो. हे सगळं फक्त ट्रेनिंग घेतलेल्या दोन माणसांनी, पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला सेट घालूनच. कॅनिस्टरचा (नुसती हवा गाळणारा) मास्क बाहेर पळायला ठीक आहे, लीकपाशी जायला नाही. बाकी सगळ्यांनी आधी वाऱ्याला आडवं निघून ढगाच्या बाहेर यायचं, मग वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर जायचं. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड असतो, तो खड्ड्यात, तळघरात, केबल ट्रेंचमध्ये जाऊन बसतो.

प्रश्न : वेट वेलमध्ये (पंपाआधी सांडपाणी साठतं त्या विहिरीत) आधी सडक्या अंड्याचा वास येत होता, थोड्या वेळाने बंद झाला. म्हणजे गॅस निघून गेला असं समजून उतरायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे, कृपा करून उतरू नका. तो सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तो वाढत १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकच काम करायचं थांबतं, वास बंद होतो आणि गॅस तिथेच असतो. नाकावर नाही, गॅस मीटरवर विश्वास ठेवा, आणि तो मीटर दोरीने वर, मध्ये, तळाशी असा सोडून बघा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचंच नाही. एक जण आत पडला म्हणून दुसरा तसाच उडी मारतो आणि मग दोघं जातात, हे पुन्हा पुन्हा होतं. आतल्या माणसाच्या हार्नेसला (अंगावरच्या पट्ट्यांना) दोरी आणि वर ट्रायपॉड असेल तर कुणाला आत जावंच लागत नाही, वरूनच ओढता येतं.

प्रश्न : आमचा इमर्जन्सी प्लॅन तयार आहे, जाडजूड फाइल आहे, ऑडिटला दाखवतो. अजून काय करायला पाहिजे?

उत्तर : ती फाइल रात्री दोन वाजता कुणाला सापडते ते बघा. रात्रपाळीत दोनच माणसं असतील तर प्लॅन त्या दोघांनी करण्याजोगा हवा, दहा जणांच्या टीमचा तक्ता तिथे काय कामाचा. गेटपाशी एक पान लावा : कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, फोन कुणाला आधी, जमायची जागा कुठली. जमायच्या जागा दोन ठेवा, कारण वारा कुठल्याही दिशेने असू शकतो, आणि कुठूनही दिसेल असा वारा दाखवणारा कापडी मोजा वर लावून घ्या. हवेचे सेट क्लोरीन रूमच्या आत ठेवलेले असतील तर आजच बाहेर काढा, लीक आत असताना ते आणायला कोण जाणार?

ड्रिल दुपारी, सगळ्यांना सांगून घेऊ नका, निदान एकदा तरी रात्रपाळीत घ्या. आयवॉश आणि शॉवर दर आठवड्याला चालवून बघा, गंजलेलं पाणी येत असेल तर डोळ्यात कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) गेलेल्याला त्याचा काही उपयोग नाही, त्याला स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटं सलग धुवायचं असतं आणि नंतर लगेच डॉक्टर. फायर ब्रिगेडला आधीच बोलावून प्लांट दाखवा, कुठे किती केमिकल आहे त्याची यादी आणि एसडीएसच्या (प्रत्येक केमिकलच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) कॉपी गेटवर ठेवा.

अजून एक, पॉलिमर (गाळ एकत्र धरायला वापरतात ते चिकट केमिकल) सांडलं की पाणी मारायची सवय मोडा, ते बर्फासारखं निसरडं होतं. आधी वाळू किंवा भुसा टाका, उचलून घ्या, मग धुवा.

प्रश्न : मी प्लांटच्या बाजूलाच राहते. सायरन वाजला तर घरातून पळायचं का?

उत्तर : अधिकाऱ्यांनी निघा असं सांगितलं तर निघा, नाहीतर आत या. दारं खिडक्या लावा, एसी, कूलर, एक्झॉस्ट बंद करा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल घाला आणि वरचा मजला असेल तर वर जा, मुलांना तळघरात नेऊ नका. प्लांटवाल्यांना आत्ताच विचारून ठेवा की सायरनचा कुठला आवाज टेस्टचा आणि कुठला खरा, आणि सगळं ठीक झाल्याचं कसं कळवणार, कारण ढग निघून गेल्यावर लगेच खिडक्या उघडून घर हवेशीर करायचं असतं.