दुप्पट दरडोई म्हणजे दुप्पट पगार?

चिंचवडहून एका वडिलांनी लिहिलं आहे: ‘मी भोसरी एमआयडीसीत नोकरीला आहे, निवृत्तीला चार वर्षं उरली. मुलीनं पुण्यातूनच बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स केलं, मग खराडीत दीड वर्ष नोकरी. आता तिला परदेशात डेटा ॲनालिटिक्समध्ये मास्टर्स करायचं आहे. डब्लिनची ऑफर हातात आहे, जर्मनीचे अर्ज व्हायचे आहेत. मी एक्सेलमध्ये देशांची यादी केली. आयर्लंडचा दरडोई जीडीपी 1 लाख डॉलरच्या वर, जर्मनीचा 55 हजारांच्या आसपास. म्हणजे आयर्लंडमधला सामान्य माणूस जवळजवळ दुप्पट सुखात असणार आणि पगारही तसेच असणार. फ्लॅट तारण ठेवून 35 लाखांचं कर्ज काढायची माझी तयारी आहे. मुलगी म्हणते, बाबा, तो आकडा बोगस आहे. मग आम्ही मोजायचं तरी काय? डिपॉझिट भरायला तीन आठवडे आहेत.’

नमस्कार,

कर्ज काढण्याआधी एक्सेल उघडणारे वडील मला फार भेटत नाहीत, त्यामुळे तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. यादीही चुकलेली नाही. मुलीचं म्हणाल तर ती निम्मी बरोबर आहे. दरडोई जीडीपी म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या मालाची आणि सेवांची किंमत भागिले लोकसंख्या. तो आकडा बोगस नाही, पण आयर्लंडपुरता तो इतका फुगलेला आहे की खुद्द तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाला त्याच्या शेजारी दुसरा आकडा द्यावा लागतो.

झालं असं, की जुलै 2016 मध्ये या कार्यालयानं जाहीर केलं, आधीच्या वर्षात, म्हणजे 2015 मध्ये, देशाचा जीडीपी 26 टक्क्यांनी वाढला. डब्लिनमधल्या सामान्य माणसाचा पगार काही 26 टक्क्यांनी वाढला नव्हता. काही मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि इतर बौद्धिक संपदा आयर्लंडच्या खात्यावर आणून ठेवली होती, कारण तिथला कंपनी कर तेव्हा 12.5 टक्के होता. विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या मालमत्तेचीही त्यात भर पडली. त्या पेटंटवर जगभरातून येणारी कमाई आयर्लंडच्या जीडीपीत मोजली जाऊ लागली. असं समजा, तुमच्या सोसायटीतल्या एका कुलूप लावलेल्या फ्लॅटच्या पत्त्यावर कोणी कंपनी नोंदवली, तिची कोट्यवधींची उलाढाल सोसायटीच्या नावावर धरली आणि भागिले फ्लॅट करून प्रत्येक बिऱ्हाडाचं उत्पन्न काढलं. वॉचमनसुद्धा कागदावर लखपती होईल.

देशही छोटा. 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाख होती, आयर्लंडची आज पन्नास-पंचावन्न लाखांच्या घरात आहे. भागाकारात खालची संख्या लहान असली की वरची सूज जास्त दिसते.

म्हणून 2017 पासून ते सांख्यिकी कार्यालय ‘सुधारित जीएनआय’ नावाचा आकडा देतं, म्हणजे देशातल्या लोकांच्या हाती खरोखर राहणारं उत्पन्न. त्यातून ही पेटंटं, भाड्याची विमानं आणि बाहेर जाणारा नफा बराचसा वजा होतो. अलीकडच्या वर्षांत हा आकडा जीडीपीच्या साठ टक्क्यांच्याही खाली आहे. तुमच्या एक्सेलमध्ये आयर्लंडपुढच्या 1 लाख 7 हजारांना साठ टक्के लावा, म्हणजे तो देश जर्मनीच्या शेजारी येऊन बसेल. आणखी एक माप युरोपात वापरतात. लोकांना प्रत्यक्ष काय मिळतं, म्हणजे घरातला खर्च अधिक सरकारनं पुरवलेलं शिक्षण-आरोग्य, हे सगळं महागाईचा फरक काढून मोजतात. त्यात आयर्लंड युरोपियन युनियनच्या सरासरीपाशी घुटमळतो आणि जर्मनी सरासरीच्या बराच वर आहे. म्हणजे क्रम उलटाच.

पण मुलीला एक सांगा. या एका गमतीवरून जीडीपी कचऱ्यात टाकू नये. भारताचा दरडोई आकडा 2,700 डॉलरच्या आसपास आणि जर्मनीचा 55 हजार, हा फरक भ्रम नाही. नळाचं पाणी, वेळेवर येणारी बस, म्हातारपणाचं पेन्शन यात तो दिसतो. 2,700 कुठे आणि 55 हजार कुठे, हे सांगायला हा आकडा पुरेसा आहे. 55 हजार आणि 1 लाख 7 हजार यांत कोणाचं जगणं बरं, हे त्याला विचारू नये. आणि देशातल्या देशातही जपून. दरडोई उत्पन्नात महाराष्ट्र, गुजरात आणि केरळ एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात 6, महाराष्ट्रात 16 आणि गुजरातमध्ये 23 होते. पैसा साधारण तेवढाच, तान्ह्या बाळाच्या वाट्याला आलेलं मात्र वेगळं.

हे नवीन काही नाही. ज्या अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्सनी 1934 साली अमेरिकेच्या काँग्रेसपुढे राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा हिशेब ठेवला, त्यांनीच त्या अहवालात बजावलं होतं की यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. स्वतंत्र भारतात 1949 साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली, तिच्या सल्लागारांत हेच कुझनेट्स होते. अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, आणि सदस्यांत आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. पुढे त्याच इन्स्टिट्यूटमधून 1971 साली दांडेकर आणि रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास आला. देशाची सरासरी किती, यावर न थांबता त्यांनी विचारलं की दिवसाला 2,250 कॅलरी किती लोकांना परवडतात. तुमची कन्या स्टॅटिस्टिक्सची, तिला बीएमसीसी रस्त्यावरच्या त्या आवारात एकदा घेऊन जा. तिचा विषय तिथे घडला आहे.

तर दांडेकर-रथांचाच प्रश्न आपण तुमच्या घरापुरता विचारू. देशाची सरासरी सोडा, तुमची मुलगी कोणत्या रांगेत उभी राहणार आहे? पदवी नवी, दीड वर्षाचा अनुभव, डेटा ॲनालिस्ट, व्हिसावर आलेली, एकटी राहणारी. त्या रांगेतल्या माणसाच्या हातात महिन्याला काय पडतं?

डब्लिनमध्ये अशा मुलीला सुरुवातीला वर्षाला 42 हजार युरो मिळाले असं धरू. 2025 च्या दरानं कर आणि विमा वर्गणी जाऊन महिन्याला साधारण 2,900 युरो हातात येतील. जर्मनीत सुरुवात 48 हजारांनी झाली असं धरू. तिथे कपात जबर असते, हातात 2,600 च्या आसपास. पण त्या कपातीत आरोग्यविमा आला. डब्लिनला साध्या तापासाठी डॉक्टरकडे गेलं तरी पन्नास-साठ युरो खिशातून जातात. खोलीचं भाडं हा खरा फरक. डब्लिनमध्ये शेअरिंगच्या घरातली एक खोली आठशे-हजार युरोंना सहज जाते, आणि तीही मिळाली तर. घरांची टंचाई तिथे निवडणुकीचा मुद्दा आहे. जर्मनीत म्युनिक सोडून मधल्या आकाराच्या शहरात तशीच खोली चारशे ते सहाशेत मिळते. म्हणजे भाडं देऊन उरलेले पैसे दोन्हीकडे दोन हजारांच्या आगेमागे. तुमच्या एक्सेलमधलं ‘दुप्पट’ इथे संपलं.

आता कर्ज. 35 लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता 47,000 रुपयांच्या पुढे जातो. शिक्षण चालू असतानाचं व्याज वेगळं. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर 470 युरो. नोकरी लागली तर तो दोन हजारांतून निघतो, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती पदवी आणि पहिला पगार यांच्यामधल्या महिन्यांची. ते सहा झाले तर हप्ता भोसरीच्या पगारातून जाणार, आणि तुमची चार वर्षं उरली आहेत. दरडोई जीडीपीत या रिकाम्या महिन्यांची मोजणी कुठेच नसते.

त्यात अजून एक गोष्ट नसते, ती तुमच्या घरातच आहे. मुलीचा रोजचा डबा. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. या श्रमाची जीडीपीत किंमत शून्य. डब्लिनमध्ये तीच पोळी-भाजी तिनं दुकानातून विकत घेतली की ती जीडीपीत जमा. उलटंही होतं. वाघोलीकडच्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जे पैसे घालतात, ते पुण्याच्या उत्पन्नात धरले जातात, आणि नळाला नीट पाणी येणारी पेठेतली म्हातारी त्या हिशेबात मागे पडते. (पुणे जिल्हा दरडोई उत्पन्नात राज्यात वरच्या नंबरांत आहे, हे टँकरची वाट पाहणाऱ्यांना सांगून बघा.)

आता आयर्लंडच्या बाजूनं एक सांगतो, कारण पारडं फारच झुकलं. ज्या कंपन्यांमुळे तो जीडीपी फुगतो, त्यांतल्या अनेकांची मोठी कार्यालयं डब्लिनमध्ये खरोखर आहेत आणि तिथे डेटावाल्यांना नोकऱ्या मिळतात. सामान्य आयरिश माणसाला ती सूज उपयोगाची नसली तरी तुमच्या मुलीच्या रांगेला थोडी आहे. भाषा इंग्रजी. मास्टर्स एका वर्षाचं, पुढे नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंत राहता येतं. दुसरी बाजू अशी की मोजक्या कंपन्यांवर सगळा डोलारा आहे. देशाच्या कंपनी करातला निम्म्याहून जास्त वाटा वरच्या दहा कंपन्या भरतात. त्यांनी भरती थांबवली की मुलांची फोनाफोनी सुरू होते.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही किंवा नाममात्र आहे. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात, पण ते तिचेच, दरमहा तिलाच मिळतात. कोर्स दोन वर्षांचा. त्यामुळे एकूण कर्ज 20-25 लाखांत बसू शकतं, आणि विद्यार्थी असताना कंपनीत अर्धवेळ काम मिळालं तर त्याहून कमी. नोकरी शोधायला नंतर 18 महिने. अडचणी दोन. तीन वर्षांची बी.एस्सी. काही विद्यापीठं घेतात, काही घेत नाहीत. हे प्रत्येक कोर्सच्या अटींत वाचावं लागतं. आणि जर्मन भाषा. शिकायला इंग्रजी चालेल, नोकरीला बी1-बी2 पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन नसेल तर ती 48 हजारांची रांग लांब पळते. मॅक्स म्युलर भवनची बॅच लावून ती संध्याकाळी खराडीहून परत येताना क्रियापदं घोकत बसेल का, हा प्रश्न तिला विचारा. उत्तर मनापासून ‘हो’ असेल तर मी जर्मनी म्हणेन. ‘बघू’ असेल तर डब्लिन, पण कर्ज कमी करून.

एजंट गाठला असेल तर तो आयर्लंडच सुचवतोय ना? खासगी एजंटला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, आणि जर्मन सरकारी विद्यापीठं सहसा ते देत नाहीत. त्यानं सांगितलेलं सगळं खोटं असतं असं नाही, फक्त त्याच्या यादीत जर्मनी वर का नसते ते यातून कळतं.

या तीन आठवड्यांत करण्यासारखं: मुलीनं त्या डब्लिनच्या कोर्समधून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेली पाच-सहा भारतीय मुलं लिंक्डइनवर शोधावीत आणि थेट विचारावं की पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली, खोलीचं भाडं किती देता. मराठी मुलं सापडतील, ती मोकळेपणानं सांगतात. एपीएस सर्टिफिकेटचा, म्हणजे जर्मनीसाठी भारतीय पदवीची कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याचा, अर्ज टाकला नसेल तर आजच टाका, त्याला आठवडे लागतात आणि जर्मनीच्या हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलै, काही ठिकाणी त्याच्याही आधी असते. आणि डिपॉझिट भरण्याआधी ऑफर लेटरमधला परताव्याचा परिच्छेद बापलेकीनं शेजारी बसून वाचा. व्हिसा नाकारला तर किती परत, स्वतःहून माघार घेतली तर किती, प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का. जिथे अर्थ लागत नाही तिथे विद्यापीठाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. एजंटचं तोंडी चालणार नाही.